एसपी की मॅथ्स?

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशअर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात नाव, पत्ता, आरक्षण, दहावीचा बैठक क्रमांक. दुसऱ्या भागात शाखा, माध्यम आणि कॉलेजांचा पसंतीक्रम, किमान एक आणि जास्तीत जास्त दहा. मुंबई परिसरात ही पद्धत २००९ साली आली आणि २०२५पासून ती साऱ्या राज्याला लागू झाली. दहावीचा निकाल लागला की बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत घराघरांत या दुसऱ्या भागावर खल सुरू होतो. गेल्या वर्षीचे कटऑफ छापून आणले जातात, टक्क्यांच्या दशांशांची वजाबाकी होते, साठ्ये आधी टाकायचे की मिठीबाई, वझे-केळकर दुसऱ्या क्रमांकावर चालेल का, यावर आठवडाभर रात्री जागवल्या जातात. मग यादी लागते, मूल प्रवेश घ्यायला कॉलेजात जाते आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी विचारतो, विषय कोणते? त्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत, पुष्कळदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाने काय घेतले ते पाहून दिले जाते. ज्या गोष्टीचा परिणाम दोन वर्षे टिकतो तिच्यावर आठवडा आणि ज्या गोष्टीचा परिणाम दहा-वीस वर्षे टिकतो तिच्यावर पाच मिनिटे, असा हा हिशेब आहे. तो उलटा करायला हवा, एवढेच या प्रकरणाचे म्हणणे.

वाणिज्य शाखेचे उदाहरण घेऊ, कारण उपनगरांतली फार मोठी संख्या याच शाखेत जाते. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, इकॉनॉमिक्स, बीके (बुककीपिंग), ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) हे विषय जवळजवळ ठरलेलेच असतात. सहाव्या जागेसाठी मात्र निवड असते: सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजे मुलांच्या भाषेत एसपी, किंवा मॅथ्स. दोन्ही विषय शंभर गुणांचे, ऐंशी लेखी आणि वीस अंतर्गत. एसपीत कंपनीचा पत्रव्यवहार, भागभांडवल, ठेवी, डीमॅट, लाभांश अशी माहिती असते. विषय वाचून होतो आणि गुणही बरे मिळतात. गणितात मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, विमा आणि अॅन्युइटी, रिग्रेशन, निर्देशांक, लिनियर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन. दहावीच्या बीजगणिताने आधीच धास्तावलेल्या मुलाला ही यादी दाखवली तर तो काय निवडेल हे सांगायला कल चाचणी लागत नाही. त्याच्या निवडीला कोणी हरकतही घेत नाही, कारण बीकॉमला गणित लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

दोन वर्षांनी मात्र चित्र वेगळे दिसते. बारावी झालेल्या मुलाला शेजारच्या इमारतीतल्या कोणाची आयटी कंपनीतली नोकरी दिसते आणि तो बीएस्सी आयटीची चौकशी करतो. हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेच्याच मुलांसाठी आहे असा समज सर्रास आहे. मुंबई विद्यापीठाची पात्रतेची ओळ मात्र शाखा विचारत नाही. ती बारावीला गणित होते का ते विचारते. म्हणजे कॉमर्सला मॅथ्स घेतलेल्या मुलीसाठी हे दार उघडे आणि तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसून एसपी घेतलेल्या मैत्रिणीसाठी ते बंद. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्सची ऑनर्स पदवी घ्यायची तर बारावीचे गणित लागते. संख्याशास्त्र आणि विदाविज्ञान या वाटांवर तर गणितावाचून पाऊलच टाकता येत नाही. ज्या सीएसाठी मूल कॉमर्सला गेलेले असते, त्या सीएच्या फाउंडेशन परीक्षेतही तिसरा पेपर व्यावसायिक गणित, लॉजिकल रीझनिंग आणि संख्याशास्त्राचा असतो. बारावीला गणित नसले तरी सीएला नाव नोंदवता येते हे खरे. पण टाळलेले गणित तिथे दारातच भेटते, आणि तेही कॉलेजच्या फीमध्ये नव्हे, क्लासची वेगळी फी भरून.

यातून निवडीचा एक निकष हाती लागतो. पंधराव्या वर्षी मुलाला ‘तू कोण होणार?’ हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘हा विषय आज सोडलास आणि उद्या लागला, तर परत मिळवायला काय किंमत पडेल?’ हे विचारण्यात आहे. सगळे विषय या कसोटीवर सारखे नसतात. बारावी विज्ञान झालेली मुलगी अठराव्या वर्षी पहिल्यांदा जमाखर्च उघडते आणि सीए होते, हे दर वर्षी घडते. डेबिट-क्रेडिट चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र पदवीला शून्यापासून सुरू होतात आणि शिक्षकही तसे धरूनच चालतात. कायद्याचा अभ्यास तर सगळ्यांसाठीच नवा असतो. गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे तसे नाही. ते जिन्यासारखे आहेत. डेरिव्हेटिव्हची पायरी गाळून इंटिग्रेशनच्या पायरीवर उडी मारता येत नाही, आणि दोन वर्षे जिन्यावर न चढलेल्या पायाला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो. परतीची वाट अगदीच नसते असे नाही. वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीचे फिजिक्स-मॅथ्स लागते म्हणून कॉमर्सची मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय नंतर देत आली आहेत. जीवशास्त्र सोडलेल्यांनाही २०२३च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सवलत दिली: बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यालाही वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षा देता येईल. म्हणजे दार उघडते, पण त्यासाठी एखादे वर्ष, काही हजार रुपये आणि बरोबरीची मुले पुढे गेल्याची खंत मोजावी लागते. ज्याच्या परतीची किंमत जास्त तो विषय शेवटी सोडावा, आणि ज्याची कमी तो आधी सोडायला हरकत नाही.

इथे पहिला आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. हे म्हणणे ताणले तर प्रत्येक मुलाला सायन्सला घालावे, तेही फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे चारही विषय देऊन, म्हणजे एकही दार बंद व्हायला नको. आपल्याकडचे पुष्कळ पालक नेमके हेच करतात आणि त्याला दूरदृष्टी म्हणतात. यात एक चूक आहे. दार कागदावर उघडे असणे आणि त्यातून आत जाता येणे या दोन गोष्टी आहेत. राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. चार अवघड विषय ओढताना ज्याचे तिन्हींत चाळीसच्या आत येतात, त्याने सगळी दारे उघडी ठेवता ठेवता ती सगळी एकदम लावून घेतलेली असतात. भरीला, नाइलाजाने बीकॉमला गेल्यावर त्याच्यापाशी बीके-इकॉनॉमिक्सची दोन वर्षेही नसतात. पर्याय राखून ठेवण्याला भाडे लागते. ते वेळेत, गुणांत आणि मनःस्वास्थ्यात भरावे लागते, आणि प्रत्येकाची ऐपत वेगळी. म्हणून दहावीचे गणित-विज्ञान बरे झालेल्या, पण डॉक्टरकीची ओढ नसलेल्या मुलाने बायोलॉजी सोडून बायफोकलचे, म्हणजे व्यावसायिक गटातले, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेणे हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. ज्याला विज्ञान झेपत नाही पण आकड्यांची भीती नाही, त्याने कॉमर्सला जाऊन मॅथ्स राखणे हा दुसरा. आणि ज्याला गणित खरोखरच छळते, त्याने ते सोडावे. फक्त सोडताना काय सोडतो आहोत ते ठाऊक असावे.

शिवाय सायन्सवाचून दारे बंद ही समजूत मुळातच जितकी पसरली आहे तितकी खरी नाही. विज्ञान शाखा नेमकी कशाला लागते? वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राला गणित आणि भौतिकशास्त्र. औषधनिर्माणाला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. मर्चंट नेव्ही, शुद्ध विज्ञानाची पदवी, आणखी काही. याबाहेरचे जग मोठे आहे. पाच वर्षांच्या लॉ सीईटीला शाखेची अट नाही. हॉटेल मॅनेजमेंटला नाही. एमपीएससी-यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. घाटकोपरहून बसने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर पवईची आयआयटी आहे. तिथल्या आयडीसीत, म्हणजे १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, बी. डेस. या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा द्यावी लागते आणि तिला कला शाखेची मुलगीही बसू शकते. आयआयटीत आर्ट्सचे मूल जाऊ शकते हे वाक्य उपनगरातल्या कोणत्याही सोसायटीत म्हणून पाहा, निम्मे लोक चेष्टा समजतील.

दुसरा आक्षेप क्लासवाल्यांकडून येतो आणि तो अधिक जोरदार असतो. दारे उघडी ठेवण्याची चैन आता परवडत नाही, आठवी-नववीतच लक्ष्य ठरवा, जेईई किंवा नीट, आणि बाकी सारे बाजूला ठेवा. स्पर्धा तीव्र आहे यात वाद नाही. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षी सगळ्या आयआयटींच्या मिळून जागा होत्या १७,७४०. पण या आकड्यांवरून निघणारा निष्कर्ष क्लासच्या जाहिरातीच्या नेमका उलट आहे. वीस-बावीसांतल्या एकाला जागा मिळणार असेल, तर योजना उरलेल्यांच्या दृष्टीने आखायला हवी. प्रयत्न जरूर करावा, पण तो फसला तर हातात काय उरेल हे आधी ठरवून. उपनगरांत ‘इंटिग्रेटेड’ नावाने जी व्यवस्था रुजली आहे, तिच्यात मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि मूल दोन वर्षे क्लासमध्ये. प्रयोगशाळेत जाणे परीक्षेपुरते. राज्य सरकारने २०१८ साली मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करायचे ठरवले ते याच प्रकाराला आळा घालण्यासाठी. केंद्राने २०२४च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असे सांगितले. अंधेरी स्टेशनबाहेरच्या फलकांवर या सूचनेचा किती परिणाम झाला ते वाचकाने जाता-येता स्वतःच पाहावे.

एकाच परीक्षेवर डाव लावण्यातला खरा धोका स्पर्धेपेक्षा वेगळाच आहे: परीक्षा बदलतात. २०१४च्या जूनमध्ये आपल्या राज्यात अकरावी सायन्सला बसलेल्या तुकडीचे नशीब पाहा. ती आत शिरली तेव्हा राज्यातल्या अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे गुण यांवर होत होते आणि वैद्यकीय प्रवेश राज्याच्या एमएचटी-सीईटीवर, कारण नीट सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या जुलैत रद्द केली होती. ही मुले बारावीतून बाहेर पडली २०१६ साली. तोवर राज्याने अभियांत्रिकीसाठी जेईई सोडून पुन्हा सीईटी आणली होती, आणि बारावीची परीक्षा संपल्यावर ऐन एप्रिल-मे महिन्यांत न्यायालयाच्या आदेशाने नीट परत आली. अध्यादेश काढून राज्यांना एका वर्षाची सूट द्यावी लागली. दोन वर्षांत दोन्ही वाटांवरच्या पाट्या बदलल्या. बदलले नाही ते एकच, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी हे विषय. ज्याने विषय नीट केला होता त्याला नवी परीक्षा म्हणजे प्रश्नांची नवी मांडणी होती. ज्याने परीक्षाच केली होती, त्याच्या हातातले नाणे एका रात्रीत बाद झाले. वाणिज्यवाल्यांनीही याची चव २०२४ साली घेतली. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि तोवर बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या प्रवेशासाठी राज्याने सीईटी लावली. पुष्कळांना ते वेळेत कळलेच नाही, जागांच्या मानाने परीक्षार्थी कमी पडले, त्याच वर्षी पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली, आणि काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून पळवाट काढली.

परीक्षेच्या रचनेतही वाचण्यासारखे बरेच असते, पण ती फार कमी घरांत वाचली जाते. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्सचे पन्नास आणि केमिस्ट्रीचे पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, आणि गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. अभ्यासक्रमातला सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे वाक्य ज्या काळी जन्मले त्या काळी ते चालून गेले असेल.

आता कटऑफकडे वळू. एखाद्या कॉलेजचा कटऑफ ९३ आणि दुसऱ्याचा ८१ असेल तर पहिले कॉलेज दुसऱ्यापेक्षा बारा टक्क्यांनी चांगले, असा हिशेब मनोमन होतो. कटऑफ हे रांगेतल्या शेवटच्या माणसाचे नाव आहे. आत काय शिकवतात याचे ते मोजमाप नव्हे. रांग कशाने लांबते? स्टेशनपासूनचे अंतर, कॉलेजची जुनी ख्याती, फेस्टिव्हल, आणि आत उरलेल्या जागा. उपनगरांतली बरीच नामांकित कॉलेजे भाषिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत. पार्ल्याची मिठीबाई-एनएम गुजराती, घाटकोपरचे झुनझुनवाला हिंदी. तिथल्या अल्पसंख्याक, इनहाउस आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागा वजा केल्यावर खुल्या यादीसाठी ज्या उरतात, त्यांच्यावर सगळी झुंबड. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला दिसणारा आकडा फुगलेला असतो. त्या आकड्याशी स्वतःची किंमत जोडून मूल हिरमुसते, याला कारण नाही. अंतराचा विचार मात्र जरूर करावा, आणि तो मिनिटांत करावा. घाटकोपरहून अंधेरीला जायचे म्हणजे एके काळी ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याच्या कोंडीत तिष्ठणे, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलणे. २०१४च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि हा प्रवास वीस मिनिटांच्या आत आला. पूर्व उपनगरांतल्या मुलांना पश्चिमेची कॉलेजे एकदम शेजारची झाली. पण बोरिवलीहून चर्चगेटच्या नावाजलेल्या कॉलेजासाठी रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास देणारे मूल आठवड्याला पंधरा ते अठरा तास, म्हणजे एका अख्ख्या विषयाचा अभ्यास लोकलमध्ये उभ्याने घालवते. घराजवळच्या कॉलेजात हवा तो विषय आणि चालू असलेली प्रयोगशाळा असेल, तर नावासाठी दिलेले हे भाडे महाग आहे.

मग मुलाला काय आवडते याला काही स्थान आहे की नाही? आहे, आणि ते शोधायची खटपट मुंबईत जुनी आहे. १९४१ साली इथे बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ साली पारशी पंचायतीने आपले केंद्र काढले आणि १९५० साली मुंबई सरकारने स्वतःचे. २०१६पासून काही वर्षे राज्यातल्या दहावीच्या लाखो मुलांची कल चाचणी झाली. कला, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, कृषी, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असा कल तिच्यातून सांगितला जाई, आणि पुढे तिला अभिक्षमतेची जोड मिळाली. कल म्हणजे काय आवडते, अभिक्षमता म्हणजे काय जमू शकते. दोन्ही उपयोगी. पण पंधराव्या वर्षी मुलाची आवड त्याने जे पाहिले असते त्यातूनच येते. ज्याने कधी सर्व्हेअर, ऑडिओलॉजिस्ट किंवा अॅक्च्युअरी पाहिलेला नाही, त्याच्या आवडीत ते कुठून येणार? चाचणीचा निकाल म्हणूनच शोधाची सुरुवात मानावा. ‘तांत्रिक’ कल निघालेल्या मुलाला मे महिन्यात दहा दिवस एखाद्या गॅरेजात किंवा सीएनसीच्या शॉपमध्ये नुसते बसू दिले, तर त्या कागदापेक्षा जास्त कळेल. आणि आवडीचाही पुढच्या दोन वर्षांत पालट होतो. दारे उघडी ठेवायची ती त्या पालटासाठीच.

ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षे शिकत राहण्याची ऐपत नाही त्यांना हे सारे सांगणे क्रूरपणाचे नाही का? हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर सायन्स-कॉमर्सच्या चर्चेत सापडत नाही. ते सापडते मुलुंडच्या शासकीय आयटीआयमध्ये, वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात, पार्ल्याच्या भागुभाई मफतलाल तंत्रनिकेतनात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा अठराव्या वर्षी कमावता होऊ शकतो. पुढे त्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे इथेही जिना आहे, आणि प्रत्येक मजल्यावर उतरून नोकरी करता येते. बारावीच्या जिन्याला अशी मधली उतारजागा नाही. आमच्या मध्यमवर्गाने ‘नापासांची जागा’ म्हणून या वाटेला जी नावे ठेवली, त्यांमुळे कित्येक मुलांनी न झेपणाऱ्या विज्ञान शाखेत दोन वर्षे काढली. या वाटेवरही गणित सुटत नाही, हे मात्र सांगायला हवे. डिप्लोमातून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची दमछाक होते ती वर्कशॉपमध्ये नाही, मॅथ्स थ्रीमध्ये.

काही जण म्हणतील, एवढे करण्यापेक्षा पुढे कशाला मागणी येणार ते पाहून विषय घ्यावेत. तसे पाहणे कोणाला जमले आहे? अंधेरीचे सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झाले, पंधरा वर्षांच्या आत तिथे हिरे-दागिन्यांचे कारखाने आले आणि संगणकाच्या कंपन्याही. मुलुंड-भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर ज्या कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावली जात, त्यांतल्या कित्येकांच्या जागी आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. १९७५ साली जुनी अकरावी जाऊन दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्या तुकडीतल्या कोणालाही, त्याच्या शिक्षकांना किंवा बापाला, निवृत्तीपूर्वी आपल्या गल्लीत कसली कचेरी असेल हे सांगता आले नसते. भाकितावर विषय निवडणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावरून यंदाची पेरणी ठरवणे.

एक विषय असा आहे की तो सोडताना कोणालाच काही वाटत नाही: भाषा. अकरावीला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येते, ती परीक्षा संगणकावर होते, गुण भरघोस मिळतात, आणि म्हणून मराठीचे वर्ग ओस पडत चालले आहेत. इथे मी मराठीच्या अभिमानाचा मुद्दा काढत नाही. परतीच्या किमतीचा काढतो. आयटीच्या त्या पुस्तकातली एचटीएमएल उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकता येते. चार पानांचा मजकूर वाचून त्याचा मुद्दा काढणे, आपले म्हणणे सलग दोन पाने मांडणे ही सवय सुट्टीत लागत नाही, आणि वकिलापासून डॉक्टरपर्यंत, एमपीएससीच्या वर्णनात्मक पेपरापासून कंपनीच्या अहवालापर्यंत ती सगळीकडे लागते. माझ्या मते गणिताखालोखाल महागात पडणारी सोडचिठ्ठी हीच.

प्रत्यक्षात करायचे ते फार नाही, पण ते दहावीच्या निकालानंतर नव्हे, नववीच्या सुट्टीत करायचे. मुलाने, पालकांनी नव्हे, आपल्याला बरे वाटणारे तीन-चार अभ्यासक्रम निवडावेत, एकमेकांपासून जितके दूर तितके बरे; समजा बीएस्सी आयटी, कायदा आणि डिझाइन. प्रत्येकाची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. शंभर-दीडशे पानांतली ‘पात्रता’ या शीर्षकाखालची अर्धी पाने वाचावीत आणि कोणते विषय, किती टक्के, कोणती परीक्षा हे एका वहीत शेजारीशेजारी लिहावे. जो विषय दोन रकान्यांत आला तो राखायचा. मग आपल्या टप्प्यातल्या कोणत्या कॉलेजात तो विषय खरोखर शिकवला जातो, त्याला कायम शिक्षक आहे का, बायफोकलच्या जागा किती, हे कॉलेजात जाऊन विचारावे. कॉमर्सला मॅथ्सची तुकडीच नसलेली कनिष्ठ महाविद्यालयेही असतात. नियम बदलतात, म्हणून दहावीच्या निकालानंतर हीच पाने पुन्हा एकदा वाचावीत, कोणाच्या मावशीच्या मुलीचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव प्रमाण मानू नये. हे सगळे अर्जाचा दुसरा भाग भरण्याआधी झालेले असावे, कारण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते.